पाऊस जात विचारत नाही, टाईमटेबल विचारतं



दरवर्षी पावसाळ्यात पेपरात एक चौकट छापून येते. 'अतिवृष्टीमुळे रेल्वे वाहतूक विस्कळीत, प्रवाशांचे हाल.' खाली गाड्यांची यादी. अमुक रद्द, तमुक वळवली, ढमुक नाशिकलाच थांबवली. शेजारी गुडघाभर पाण्यात बुडालेल्या रुळांचा फोटो. झालं. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी.

ही चौकट मी कैक वर्षं वाचतोय. तिच्यात 'प्रवासी' नावाचा एकच माणूस असतो. त्याला जात नाही, वस्ती नाही, खिसा नाही. त्याचा खाडा पडत नाही. त्याचे फक्त 'हाल' होतात. सगळ्यांचे सारखेच हाल, कारण पाऊस काय, सगळ्यांवर सारखाच पडतो! निसर्गापुढं कुणाचं चाललंय?

हे थोतांड आहे. ते थोतांड आहे हे सांगायलाच आज लेखणी हातात घेतली.

एका रात्रीचं सांगतो. स्टेशनचं नाव महत्त्वाचं नाही, आपल्या खान्देशातलंच एक. पावसाची झड लागलेली. तिकडं घाटात दरड पडली म्हणून गाड्या जागच्या जागी उभ्या. फलाटावर दोन जातीची माणसं होती. एक जात मोबाईल बघत होती. गाडी रद्द झाल्याचा मेसेज त्यांना घरीच मिळाला असता, पण ही निघून आली होती. तिकीट मोबाईलवरच काढलेलं, तेव्हा पैसे आपोआप खात्यात परत. ही माणसं चरफडली, कुणीतरी फोन केला, जीप आली, गेली.

दुसरी जात फलाटावर पथारी टाकून बसली. बांधकामावरचे गवंडी, त्यांच्या बायका, पोरं. खिडकीवरून काढलेलं जनरलचं तिकीट. अप-डाऊन करणारे कंपनीतले कंत्राटी. त्यांच्याकडं महिन्याचा पास. गाडी दहा दिवस आली नाही तरी पासाचा पैसा काही परत येत नाही. एक म्हातारी दर अर्ध्या तासानं विचारायची, ''गाडी उनी का रे भाऊ?'' कुणीतरी सांगायचं, ''नही उनी, माय. घाटमा पानी पडी राहिनं.'' म्हातारी गप बसायची. तिला सकाळी ज्या घरी धुणंभांडी करायला जायचं होतं, त्या घरच्या बाईला घाटातल्या पाण्याशी काय देणंघेणं? आली नाही, पैसे कापा.

पहिल्या जातीचा वेळ गेला. दुसरीचा रोज गेला. पेपरात दोघांचे मिळून 'हाल' झाले.

आता भूगोल बघू, कारण आपल्याला भूगोलसुद्धा त्यांच्याच डोळ्यांनी शिकवलाय.

खान्देश काही कोकण नाही. धुळ्यात पाऊस कमी, जळगावात त्याहून थोडा बरा. वर्षातले आठ महिने आपल्या बाया पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या. मग आपल्या गाड्या पावसानं कशा अडतात? तर अडतात त्या दुसऱ्यांच्या पावसानं. मुंबईहून भुसावळला येणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याचा थळ घाट चढूनच येतात. हा घाट 1865 साली सुरू झाला. सदतीस फूट चाललं की एक फूट चढायचं, असा त्याचा चढ. मागून जादा इंजिनं लावून गाडी ढकलावी लागते. तिथं दरड पडली की चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ सगळं अडकलं. 21 आणि 22 जुलै 2021 च्या रात्री हेच झालं. घाटात दरडी, उंबरमाळी स्टेशनात रूळ पाण्याखाली. त्याआधी 29 ऑगस्ट 2017 ला नागपूरहून मुंबईला निघालेली दुरांतो वाशिंद-आसनगावच्या दरम्यान पावसानं घसरली आणि सगळा मार्ग बंद पडला.

दुसऱ्या बाजूला भुसावळहून खंडवा, इटारसी. 4 ऑगस्ट 2015 च्या रात्री मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्स्प्रेस आपल्या जिल्ह्यातून पुढं गेली आणि मध्य प्रदेशात हरद्याजवळ माचक नदीपाशी पोचली. पाण्याच्या लोंढ्यानं रुळाखालची माती-खडी वाहून नेली होती. रूळ अधांतरी. डबे पाण्यात. काही मिनिटांत समोरून मुंबईकडे येणारी जनता एक्स्प्रेस आली, तीही तिथंच कोसळली. तीसेक माणसं मेली. 'जनता' हे नाव बघा. देशात गरिबांच्या गाडीला 'जनता' म्हणायचं आणि बाकीच्यांना राजधानी, दुरांतो, वंदे भारत म्हणायचं.

म्हणजे पाणी पडतं दोनशे-अडीचशे कोसांच्या पट्ट्यात कुठंतरी, आणि उपाशी राहते आपली म्हातारी. बरं, याला इलाज नाही असं म्हणू. घाट आहे, नदी आहे, दरड आहे. मान्य. पण मग पाणी ओसरल्यावर काय होतं ते बघा. खरी गंमत तिथं आहे.

लाईन खुली होते. एकच लाईन मोकळी, मागं गाड्यांची रांग. आधी कुणाला सोडायचं? हे ढग ठरवत नाही. कंट्रोल ऑफिसात बसलेला माणूस ठरवतो, आणि तो ज्या नियमानं ठरवतो त्यात मेल-एक्स्प्रेसचा मान आधी. पॅसेंजर लूप लाईनीवर. पॅसेंजरला थांबायची सवयच आहे! जी गाडी वीस खेड्यांत थांबते, ती प्रत्येक मोठ्या गाडीला वाट देत बाजूला उभी. आपल्या लोकांना गावात मालक समोरून आला की वाट सोडून कडेला उभं राहायला लागायचं. ती चाल गावातून थोडी कमी झाली, ती रुळावर जाऊन बसली. मी जुळवाजुळव करतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्यानं एकदा लूप लाईनीवर तीन तास बसून बघावं.

आणि पॅसेंजर नुसती उशिरा सुटत नाही. संकट आलं की सगळ्यात आधी रद्द होते ती, आणि सगळ्यात शेवटी परत येते तीच. याचा पुरावा पावसातच शोधायला नको. मार्च 2020 मध्ये कोरोनात सगळ्या गाड्या थांबल्या. मग लांबच्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या. चाळीसगाव-धुळे ही आपली छप्पन-सत्तावन किलोमीटरची लाईन. धुळ्याच्या गरिबाला मेन लाईनीशी जोडणारी एवढीच एक दोरी. ती परत सुरू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी 2020 साली थांबली ती त्या छोट्या रुळावर पुन्हा धावलीच नाही. रूळ रुंद करू म्हणाले. आणि ज्या पॅसेंजर परत आल्या त्या एक्स्प्रेसचं सोंग घेऊन आल्या. डबा तोच, बाकडं तेच, वेग तोच, कमीत कमी भाडं मात्र 10 रुपयांऐवजी 30 रुपये. ते पुन्हा 10 व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडला. म्हणजे दोन-तीन वर्षं दर फेरीला वीस रुपये जास्त. जाऊन-येऊन चाळीस. रोजंदारीवरच्या बाईनं हिशेब करावा, किती किलो ज्वारी गेली.

संकट येतं, जातं. पण ते जाताना गरिबाची एखादी गाडी, एखादा थांबा घेऊन जातं. हे कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

पंचनाम्यावरून आठवलं. आपल्याकडे मे-जूनमध्ये रावेर, मुक्ताईनगर, यावलच्या पट्ट्यात वादळ सुटतं. केळीची बाग एका रात्रीत आडवी. तलाठी येतो, कृषी खात्याचा माणूस येतो, आमदार येतो, फोटो निघतात. झाडं मोजली जातात. बागायतदाराला भरपाई मिळावी, कमी मिळते म्हणून त्यानं ओरडावं, माझी तक्रार नाही. पण त्या बागेत घड कापणारा, डोक्यावर वाहणारा, ट्रकमध्ये अन् रेल्वेच्या वॅगनीत भरणारा जो मजूर, त्याचा त्या हंगामाचा रोजगार आडवा झाला, तो कोण मोजतो? केळीच्या खोडाला सातबारा आहे. मजुराच्या हाताला नाही. वादळात झाड पडलं तर नुकसान, हात रिकामा पडला तर नशीब! रेल्वेचंही तसंच. रूळ किती वाहून गेले, खडी किती टाकली, किती तासांत मार्ग 'पूर्ववत' केला याचा आकडा येतो. किती रोज बुडाले याचा येत नाही, कारण मोजणाऱ्याच्या वहीत तो रकानाच आखलेला नाही.

आता रूळ पूर्ववत करतो कोण, ते बघू.

माझा बाप गँगवर होता. आता त्या कामाला 'ट्रॅक मेंटेनर' असं गोंडस नाव आहे, तेव्हा गँगमन. कुठल्या सेक्शनला ते सांगत नाही, सगळे सेक्शन सारखेच. पावसाळा लागला की त्याची रात्रीची पेट्रोलिंग सुरू. एका हातात बत्ती, खांद्याला पिशवी, पिशवीत लाल झेंडी अन् फटाके. हे दिवाळीचे फटाके नव्हेत. रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक वर आलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. बाप आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचा, तिथं पुढचा पेट्रोलवाला भेटायचा, दोघं वह्या बदलायचे आणि माघारी फिरायचे. रात्रीतून वीसेक किलोमीटर, खडीवरून, मुसळधार पावसात. पेट्रोलवाला वेळेवर पोचला नाही तर स्टेशन मास्तर पुढच्या गाडीला सावकाश जायचा कागद देतो. तेवढी त्याची किंमत. रूळ वाहून गेलेला दिसला तर बत्ती हलवत गाडीच्या दिशेनं पळायचं, सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन. पळताना मागं पूल खचला काय, समोरून गाडी आली काय.

एकदा साहेबाला बाप म्हणाला, साहेब, रेनकोट फाटलाय, अंगावर पाणी येतं. साहेब हसला. म्हणाला, तुझ्या अंगाला पाण्यानं काय होतंय? हे वाक्य घरी येऊन बापानं एकदाच सांगितलं. पुन्हा नाही. पण दर पावसाळ्यात मला ते ऐकू येतं.

तुझ्या अंगाला पाण्यानं काय होतंय! मित्रहो, ह्या एका वाक्यात हजार वर्षांचा धर्म आहे. अंग दोन प्रकारचं. एक, ज्याला पाणी लागलं की सर्दी होते. दुसरं, ज्याच्या स्पर्शानं पाणीच बाटतं. आमच्या अंगानं महाडचं तळं बाटत होतं, पण रूळ वाहून गेला की त्याच अंगाला कमरेइतक्या पाण्यात उतरवून खडी भरून घ्यायला कुणाची सोवळी आड येत नाही.

हे मी नवीन सांगत नाही. बाबासाहेबांनी हे इथंच, आपल्या शेजारी मनमाडला सांगितलं. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित वर्गीय कामगारांची परिषद मनमाडला भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथंच मांडलं. आपण ते पोस्टरवर लिहितो आणि तिथंच थांबतो. त्या भाषणात पुढं काय होतं? तर गँगमन होतं. रेल्वेत अस्पृश्याला गँगमन म्हणून घेतात आणि जन्मभर गँगमनच ठेवतात, त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? रुळावर चालतो, घरात चालत नाही. बाबासाहेबांनी जात कुठं पकडली बघा. मंदिराच्या दारात पकडली तशी रेल्वेच्या बढतीच्या यादीत पकडली.

आज कायदा बदललाय, राखीव जागा आहेत, आपली माणसं स्टेशन मास्तर झाली, इंजिनिअर झाली. चांगलंच झालं. गँगमध्ये आता सगळ्या जातींची पोरं येतात, बेकारीनं त्यांनाही तिथं आणून टाकलंय. हातात जीपीएसचा डबा आलाय. पण डबा कशासाठी? माणूस खरोखर चालला की नाही हे साहेबाला कळावं म्हणून. त्याच्या पायाखालचा पूल खचतोय हे डब्याला कळत नाही.

आता चाळीसगावला चला. मी मुद्दाम चाळीसगावला नेतोय. रेल्वे, नदी आणि आपली वस्ती ही तिन्ही तिथं एका ठिकाणी भेटतात.

1929 साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला धुळ्याकडं आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला थांबवलं. स्टेशनवर उतरले. स्टेशन ते महारवाडा थोडंसंच अंतर, मध्ये नदी, नदीवर दगडी फरशी. स्टेशनवर टांगे होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. तासभर खोळंबा. शेवटी तडजोड झाली, टांगा भाड्यानं द्यायचा, हाकणार मात्र आपल्यातलाच कुणीतरी. त्या माणसाला टांगा हाकायची सवय नव्हती. फरशीवर चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडले. त्यांच्या पायाला मोठी दुखापत झाली. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहिलंय.

रेल्वेनं विलायतेहून शिकून आलेल्या बॅरिस्टरला चाळीसगावपर्यंत आणलं. तिकिटाच्या पैशाला विटाळ नव्हता. पण स्टेशन ते महारवाडा हा शेवटचा तुकडा जातीच्या ताब्यात होता. आणि त्या तुकड्यावर नदी होती.

आता 2021. ऑगस्टच्या 30 आणि 31 तारखेच्या रात्री कन्नडच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. औट्रम घाटात दरडी कोसळून रस्ता बंद. खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर. पाणी बाजारपेठेत, घरात. शेकडो गुरं मेली. माणूसही दगावला. सांगा, नदीकाठी कोण राहतं? प्रत्येक गावात नदीचा काठ, नाल्याचा काठ, रुळाचा काठ हे कुणाच्या वाट्याला आलेत? वरची जमीन कुणी घेतली आणि पाण्याची वाट कुणाला दिली? धुळ्यात 1872 साली पांझरेला महापूर आला, शेकडो घरं गेली, गॅझेटियरमध्ये नोंद आहे. दीडशे वर्षं झाली. पांझरेच्या काठची माणसं बदलली का? हटनूरचे एक्केचाळीस दरवाजे उघडले की तापीकाठी इशारा जातो म्हणे. इशारा जातो. तो झोपडीपर्यंत पोचतो का, हे कोण बघतं?

म्हणून म्हणतो, रेल्वे सुरू झाली म्हणजे प्रवास सुरू झाला, हे वरच्यांचं गणित. आपला प्रवास वस्तीपासून सुरू होतो. फरशी पाण्याखाली असेल तर गाडी वेळेवर असली काय आणि नसली काय!

यावर कुणी म्हणेल, रडगाणं पुरे, उपाय सांगा. उपायाची वाटही बाबासाहेबांनीच दाखवलीय, पण आपण त्यांचा तो फोटो भिंतीवर लावत नाही.

जुलै 1943 मध्ये बंगालात दामोदर नदीला पूर आला. बांध फुटला, रेल्वेचे रूळ वाहून गेले, कलकत्ता उरलेल्या देशापासून तुटलं. महायुद्ध चाललेलं. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात. ते 'दैवी कोप' म्हणून गप बसले नाहीत. नुसता बांध उंच करा असंही म्हणाले नाहीत. 3 जानेवारी 1945 ला कलकत्त्यात बंगाल आणि बिहार सरकारांना समोर बसवून त्यांनी सगळ्या खोऱ्याची एकत्र योजना मांडली. पूर अडवायचा, त्याच पाण्यानं शेत भिजवायचं, वीज काढायची, नावा चालवायच्या. 1948 साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला तो त्या पायावर. त्या धरणांनी पुढं विस्थापित केलेल्या आदिवासींचा प्रश्न आहे, तोही आपण विचारलाच पाहिजे. पण मुद्दा हा की पुरानं रेल्वे तुटली तेव्हा बाबासाहेबांनी प्रश्न आभाळाला विचारला नाही, सरकारला विचारला. आपण काय करतो? स्टेशन मास्तरच्या केबिनीसमोर जाऊन ओरडतो. तो बिचाराही नोकर. घरी येतो. झोपतो.

कायद्यानंसुद्धा 'निसर्ग' ही सबब पूर्ण मानलेली नाही. रेल्वे कायदा 1989, कलम 124. गाडीचा अपघात झाला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूला आठ लाख. मेलेल्याच्या खिशात तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप उडत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2018 साली रीना देवीच्या खटल्यात सांगितलं. हे वस्तीवर किती जणांना ठाऊक आहे? आणि सप्टेंबर 2021 मध्ये त्याच कोर्टानं म्हटलं, गाडी उशिरा आली तर तो उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेनं दाखवावं, नाहीतर भरपाई द्यावी. उत्तम निकाल. पण तो खटला कुणी लढवला? गाडी चार तास लेट झाल्यानं ज्यांचं पुढचं विमान चुकलं त्यांनी. ज्याचं विमान चुकतं तो सुप्रीम कोर्टापर्यंत जातो. जिचा रोज चुकतो ती म्हातारी कुठं जाईल? ती आपल्याकडं येईल. आणि आपण कुठं असतो?

इथं माझं भांडण तुमच्याशी आहे. माझ्याशीही आहे.

आपण निळे झेंडे घेऊन स्टेशनवर जातो ते 6 डिसेंबरला. दादरला जायला. तेव्हा गाड्यांसाठी निवेदनं देतो, डब्यांसाठी भांडतो. 2017 साली ओखी वादळाचा पाऊस 5 डिसेंबरलाच मुंबईवर आला, शिवाजी पार्कचे मंडप चिखलात गेले, लेकराबाळांसह आलेल्या आपल्या लोकांना महापालिकेच्या शाळांत हलवावं लागलं. भिजली तरी माणसं हटली नाहीत. रांगेत उभी राहिली. ही ताकद आपल्याकडं आहे. मग ती वर्षातले उरलेले दिवस कुठं जाते? मोर्च्याच्या मागण्यांची यादी काढून बघा. पुतळा आहे, नाव आहे, शिष्यवृत्ती आहे, ॲट्रॉसिटी आहे. असायलाच पाहिजेत. पॅसेंजर का नाही? गँगमनचा रेनकोट का नाही? नदीकाठच्या वस्तीचा भोंगा का नाही? रोजच्या जगण्याचे हे प्रश्न आपण 'अप-डाऊनवाल्यांच्या' संघटनेवर सोडून दिले, आणि तिथं पासवाले बाबू बसलेत. त्यांना त्यांची बसायची जागा पाहिजे. दारात लोंबकळणाऱ्या बाईशी त्यांचंही भांडणच आहे.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी, पाणी गळ्याशी यायच्या आत, प्रत्येक शाखेनं एवढं करावं.

पहिलं. आपल्या स्टेशनवर वही ठेवा. पावसानं कोणती गाडी रद्द झाली, कोणती किती दिवसांनी परत आली, आणि वस्तीतल्या किती जणांचे किती रोज बुडाले, हे लिहा. सरकारच्या वहीत रकाना नाही ना, आपण आखू. आकडा हातात असल्याशिवाय साहेबाच्या टेबलापुढं बसू नका.

दुसरं. मागणी करा की मार्ग खुला झाल्यावर पॅसेंजर आणि मेमू ठरलेल्या मुदतीत सुरू झाल्याच पाहिजेत, आणि तोवर त्याच तिकिटावर, त्याच पासावर एसटी मिळाली पाहिजे.

तिसरं. पावसाळी पेट्रोलिंगला एकट्याला पाठवू नये, दोघं पाठवावेत. बूट, रेनकोट, बत्ती ही मेहेरबानी नव्हे, हत्यारं आहेत. युनियनमध्ये जे आपले आहेत त्यांनी हा विषय 14 एप्रिलच्या कार्यक्रमात मांडावा, नुसता हार घालून उतरू नये.

चौथं. नदीकाठच्या, रुळाकाठच्या वस्तीत पुराचा इशारा कोण देणार, किती वाजता देणार, लोकांनी कुठल्या शाळेत जायचं, हे तहसीलदाराकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन पाण्यात वाहून जातं.

पाचवं. वादळ-पुराच्या पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीची नोंद झाली पाहिजे. झाड मोजता, गुरं मोजता, माणसाचा हातही मोजा.

आता मनमाडहून धुळ्यावरून इंदूरला नवी लाईन येतेय. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं मंजूर केली. 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये. धुळ्याच्या चौकाचौकात पेढे वाटले गेले. येऊ दे, आपल्यालाही पाहिजे. पण रेल्वेचा भराव म्हणजे मातीचा बांधच असतो. त्याच्या मोऱ्या कुठं ठेवणार, पाणी कुणाच्या बाजूला तुंबणार, जमीन कुणाची जाणार, आणि त्या लाईनीवर थांबणारी पॅसेंजर किती, हे आत्ता विचारा. नकाशावर रेघ ओढली जात असताना विचारा. रूळ पडल्यावर विचारणाऱ्याला फक्त बत्ती मिळते आणि फाटका रेनकोट.

बाप गेला तेव्हा त्याची जुनी बत्ती घरात होती. आई दर पावसाळ्यात ती पुसून ठेवते. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, पाणी जास्त झालं तर कुणीतरी गाडी थांबवायला पाहिजे ना.

जय भीम.